कानामागची टिकली

मला राग येणार आहे हे मला कळायच्या आधी आमच्या मगदूम साहेबांना कळतं. चांगलं वीस मिनिटं आधी. त्यांच्या फोनवर माझ्या नावापुढं पिवळा ठिपका येतो, मग नारिंगी, मग लाल, आणि खाली ओळ येते: 'सारिका चौगुले अस्वस्थ आहेत. वाद घालू नका. होकार द्या. शांत जागी बसवा.' मगदूम साहेब आमचे शिफ्ट इन्चार्ज, माणूस तसा सरळ. ओळ वाचतात आणि तसंच वागतात. हीच ओळ त्याच वेळी माझ्या नवऱ्याच्या फोनवर जाते. तोही तसंच वागतो. आता मला सांगा, असं जगायला लागल्यावर माणसाला राग नाही तर काय येणार?

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत मेल्टर आहे. म्हणजे भट्टीवाली. दीड टन लोखंड विजेवर वितळवायचं, त्याचा रंग बघायचा, वरची मळी काढायची, आणि वेळ झाली की भट्टी कलंडवून लेडलमध्ये ओतायचं. लेडल म्हणजे क्रेनला लटकणारी मोठी बादली, आतून जाड अस्तर लावलेली. भट्टी कलंडवायची चावी मेल्टरच्या गळ्यात असते. मंगळसूत्र मी कामावर घालत नाही, चावी घालते. बाविसाव्या वर्षापासून हे काम करते आणि चांगलं करते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोकांना माझ्या फक्त गोळ्याच दिसतात.

तर गोळ्या. परदेशी मालाची घाई सुरू झाली की आमच्याकडं सोळा-सोळा तास काम चालतं. तेव्हा हातोहात एक पिवळी गोळी फिरायची. तिला सगळे 'जागती' म्हणायचे. घेतली की झोप नाही, भूक नाही, आणि जगात आपल्यासारखं हुशार कुणी नाही. पहिल्या वर्षी मी ती घाईपुरती घेतली. चौथ्या वर्षी सुट्टीच्या दिवशी भाकरी थापायलाही जागती लागायला लागली. एक दिवस धनाजीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माझ्या गोळ्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. तो वायरमन आहे. आयटीआयला आम्ही एकाच वर्गात होतो, म्हणून आमचं अरे-तुरे. त्या दिवशी त्यानं डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी मी सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाले.

तिथल्या डॉक्टर शिराळकर बाई मला आवडायच्या, कारण त्या गोड बोलायच्या नाहीत. मी विचारलं, "गोळी सुटली, अंगातून गेली, मग मला अजून असं का होतंय? सकाळी रडू, दुपारी राग, संध्याकाळी काहीच नाही. जिलेबी खाल्ली तरी पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं."

"मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं," त्या म्हणाल्या. "काहीतरी हवंसं वाटणं, त्यासाठी उठून कामाला लागणं, झाल्यावर बरं वाटणं, ही त्याची कामं. तुमची गोळी ते भरमसाट सोडायची. रोज एवढा गोंगाट झाल्यावर मेंदूनं काय केलं, ते रसायन ऐकणारे आपले कानच कमी करून टाकले. आता गोंगाट बंद झाला, पण कान अजून थोडेच आहेत. म्हणून जिलेबीचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. ते कान परत येतात, सारिकाताई. पण वर्ष लागतं, कधी दीड वर्ष. आणि रोज थोडे थोडे, असे शहाण्यासारखे येत नाहीत. आज बरं वाटेल, उद्या विनाकारण कुणाचातरी गळा धरावासा वाटेल."

"तोवर काय करायचं?"

"झोप, जेवण, ऊन, चालणं, माणसं. आणि धीर."

"धीर सोडून सगळं आहे घरात," मी म्हणाले. त्या पहिल्यांदा हसल्या.

केंद्रातून सुटताना कानामागं टिकली लागली. कंपनीनं तिचं नाव 'मनसोबत' ठेवलंय, पण दिसते टिकलीसारखी आणि चिकटतेही तशीच, म्हणून सगळे टिकलीच म्हणतात. ती घामातली रसायनं मोजते, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजते, कवटीवरून मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी पकडते. आधीच्या हजारो माणसांच्या अशा नोंदी तिच्यात भरलेल्या आहेत, त्यामुळं आपला मूड कुठल्या दिशेनं निघालाय ते तिला लवकर कळतं. लाल व्हायला लागलं की कानामागं गुणगुणते आणि तिघांना कळवते: एक घरचा माणूस, एक कामावरचा, एक केंद्र. त्यांना म्हणायचं सोबती. व्यसन सोडलेला माणूस अशा लाल वेळेलाच गोळीकडं परत जातो, तेव्हा त्याला कुणी डिवचू नये, असा त्यामागचा विचार. विचार खोटा नाही. तिसऱ्या महिन्यात मी गोळ्या देणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या दारात, बेलवर बोट ठेवून उभी होते आणि धनाजीचा फोन आला, हे मी नाकारत नाही.

पण राग किती आहे एवढंच टिकलीला कळतं. कशाचा आहे ते कळत नाही. धनाजीच्या भाषेत सांगायचं तर मीटर करंट किती चाललाय ते दाखवतो, घरात दिवे लागलेत की वायर जळतीय ते दाखवत नाही.

आमचं घर आधी भांडणाचं. चहातली साखर, पंख्याचा वेग, त्याची आई, माझी आई, गादीवरचा ओला टॉवेल. मला चहा गोड लागतो, त्याला फिका, आणि ह्या एका विषयावर आम्ही एकोणीस वर्षं काढली. टिकली आल्यापासून धनाजी सगळ्याला हो म्हणायला लागला. गोड चहा गुपचूप प्यायला लागला. एकदा मी मुद्दाम म्हणाले, "धनाजी, घर विकू आणि गोव्याला जाऊन राहू."

"व्हय, जाऊया की."

"तुझ्या आईला एखाद्या आश्रमात ठेवू."

"तू म्हणशील तसं."

आईच्या चटणीला कुणी नाव ठेवलं तर जेवणावरून उठणारा माणूस हा. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. नवरा समोर बसलाय आणि घरात कुणीच नाही, असं मला झालं होतं.

मग तो मंगळवार आला. माझी सकाळची पाळी होती. सहा वाजता धनाजीनं पोहे दिले आणि मी ताटली भिंतीवर मारली. पोह्यांचा काही दोष नव्हता. शेजारचा मिक्सर वाजत होता, ट्यूब डोळ्यात खुपत होती, धनाजी सावकाश चावत होता, आणि मला ह्या सगळ्याचाच राग आला. तो आजाराचा राग, मी कबूल करते. धनाजीनं फोन बघितला, भिंत पुसली आणि म्हणाला, "बरोबर हाय तुझं. पोहे जरा कोरडेच झाले." मी त्याला सॉरीसुद्धा म्हणू शकले नाही. त्यानं जागाच ठेवली नव्हती.

अकराच्या सुमाराला माझी भट्टी तयार होत आली होती. क्रेनखाली नवीन अस्तराची लेडल आणून ठेवली होती. नव्या ठेकेदाराच्या माणसांनी ते अस्तर पाण्यात कालवून लावलं होतं आणि बर्नरनं तापवून वाळवलं होतं. लेडलच्या बाहेरच्या पत्र्याला बारीक भोकं असतात, अस्तरातली वाफ निघून जायला. मी सवयीनं एक चक्कर मारली, तर खालच्या दोन भोकांभोवती पत्रा ओलसर काळा दिसला. हात जवळ नेला, दमट ऊब लागली. काठाशी बघितलं तर अस्तर नेहमीच्या दुप्पट जाड. वरून कोरडं खडखडीत, पण पोटात पाणी राहिलेलं.

ज्यांनी फाउंड्री बघितली नाही त्यांना सांगते. पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सतराशे पट जागा लागते. उघड्यावर ती निघून जाते. पण वर पंधराशे अंशाचं लोखंड असेल आणि खाली अस्तरात पाणी अडकलं असेल, तर ती वाफ लोखंड उडवून जागा करते. त्याच्या आसपास जो असेल त्याचं पुढं काय होतं ते मी एकदा बघितलंय, आणि ते मला सांगायचं नाही.

मी मगदूम साहेबांकडं गेले. "साहेब, ही लेडल ओली आहे. बाजूला काढा."

कानामागं गुणगुण सुरू झाली. त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा लगेच मऊ झाला, दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसासारखा.

"बरोबर आहे तुमचं, ताई. काढायला सांगतो."

"जुनी लेडल तापवायला लावा."

"हो, लावतो."

"तोवर मी भट्टीतलं लोखंड गरम धरून ठेवते."

"हो ताई. तुम्ही जरा पंख्याखाली बसा. पाणी प्या."

मी बसले. खरंच बसले, कारण साहेब हो म्हणाले होते आणि आठ महिने झाले तरी होचा अर्थ माझ्या डोक्यात अजून हो असाच होता. अर्धा ग्लास पाणी प्यायले असेन, तेवढ्यात क्रेनची घंटा वाजली. तीच लेडल उचलली गेली आणि माझ्या भट्टीसमोर यायला लागली. मगदूम साहेब माझ्याकडं येत होते, हात पुढं करून.

"ताई, चावी द्या. आजची ओत दुसरा मेल्टर घेईल. तुम्ही दमलाय."

लाल असताना चावी देऊन टाकायची, असा नियम आहे. मला सगळं एकदम उमगलं. त्यांचे तिन्ही हो माझ्यासाठी नव्हतेच, फोनसाठी होते. मी लेडल ओली आहे म्हणाले काय आणि आकाश हिरवं आहे म्हणाले काय, उत्तर तेच आलं असतं. आणि आता त्या होवर विश्वास ठेवून मी पंख्याखाली बसणार आणि इथं माणसं भाजणार.

मला जो राग आला तो सकाळचा नव्हता. आजाराचा राग घरभर फिरतो, मिक्सरवर बसतो, ट्यूबवर बसतो, नवऱ्याच्या जबड्यावर बसतो. हा राग त्या दोन भोकांवरून हलत नव्हता.

मी चावी गळ्यातून काढली आणि सेफ्टी बुटात घातली. "घ्या आता," मी म्हणाले. एकदा वाटलं, टिकलीही उपटून भट्टीत टाकावी. सिनेमात तसं करतात. पण भट्टीवाली बाई भट्टीत बॅटरी टाकत नाही. म्हटलं, गुणगुणू दे.

"ताई, तुमचं बरोबर आहे, पण—"

"साहेब, फोन खिशात ठेवा आणि माझ्याशी भांडा."

"काय?"

"भांडा. वेडी वाटत असेन तर वेडी म्हणा. चुकत असेन तर चूक दाखवा. पण हो म्हणू नका. तुमच्या होचा मला काही उपयोग नाही."

वर क्रेनच्या केबिनमध्ये रफिकभाई होते. माझ्याबरोबर अठरा वर्षं त्यांनी लेडल उचलली आहे. त्यांनी लेडल होती तिथंच थांबवली आणि खाली वाकून म्हणाले, "साहेब, ऐकून तर घ्या. ओतताना बरोब्बर वर मी असतोय."

मगदूम साहेबांनी फोन हातात धरला, त्यावरची ओळ वाचली, आणि मग तो खरंच खिशात ठेवला. त्यांना घाम आला होता. भांडायची त्यांचीही सवय गेली असावी.

"बरं, भांडतो," ते म्हणाले. "ठेकेदारानं चार तास बर्नर लावलाय. टॅबवर नोंद आहे, मी स्वतः तपासली. इतकी वर्षं आपण चार तासच लावतोय. तीन वाजता मालाची गाडी निघणार आहे. आणि ताई, आज सकाळी सहालासुद्धा तुम्ही लाल होता. तेव्हा कशाबद्दल होता?"

आजूबाजूला सात-आठ माणसं जमली होती. खोटं बोलता आलं असतं.

"पोह्यांबद्दल," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "मग मी कसं ओळखायचं, कुठला राग पोह्यांचा आणि कुठला लेडलचा?"

हा प्रश्न मला आठ महिन्यांत कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, धनाजीनं नाही. खरं सांगायचं तर मलाही तो रोज पडतो, आणि रोज उत्तर येतंच असं नाही.

"माझ्याकडं बघून ओळखूच नका," मी म्हणाले. "लेडलकडं बघा. थंड पत्रा आणा, भोकासमोर धरा, शंभर मोजा. कोरडा निघाला तर बुटातून चावी काढून तुमच्या हातात देते आणि माझी मी केंद्रात जाऊन बसते. परत भट्टीजवळ येत नाही."

रफिकभाईंनी लेडल जमिनीवर टेकवली. पत्रा मगदूम साहेबांनी स्वतः धरला. मोजायचं कामही तेच करत होते, मोठ्यानं, शाळेत पाढे म्हणतात तसं. एक विचार मनात येऊन गेला की आपल्याला भास झाला असेल तर. चार वर्षं गोळ्या खाल्लेलं डोकं आहे हे. मग मी लेडलवरचा तो ओला काळा डाग परत बघितला आणि जागची हलले नाही.

साहेबांनी सत्तरच्या पुढं मोजलंच नाही. पत्र्यावर आधी धुकं आलं, मग थेंब, मग ते थेंब एकमेकांत मिसळून त्यांच्या बोटावरून ओघळले. त्यांनी ओलं बोट दुसऱ्या बोटावर घासून बघितलं.

"चार तास लावला होता," ते हळू म्हणाले.

"जुन्या अस्तराला चार पुरतात. हे दुप्पट आहे. टॅबवर तास लिहायला जागा आहे, जाडी लिहायला नाही."

लेडल बाजूला गेली. जुनी तापवायला लागली. गाडीला उशीर झाला, होऊ दे. मगदूम साहेबांनी फोन काढला, बघितला आणि म्हणाले, "ताई, तुमची टिकली अजून लालच आहे."

"असणारच. मला अजून राग आलाय."

मग मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "सोबत्यांच्या यादीतून तुमचं नाव काढतेय, साहेब. ती मुभा मला आहे. टिकली ठेवते. लाल झालं की मला कळू दे, डॉक्टरांना कळू दे. मी चालून येईन, पाणी पिईन, नाहीतर सरळ येऊन म्हणेन की आज मला आवरत नाही, चावी घ्या. पण ते मी माझ्या तोंडानं म्हणेन."

"कामावरचा सोबती नसला तर नियमानं भट्टीवर उभं राहता येत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. उद्यापासून साच्यांची वाळू चाळते. नियम बदला असा अर्जही उद्याच देते, आणि बदलेपर्यंत रोज एक देते."

शिफ्टची जाड वही उघडून त्यांनी आपल्या हातानं लिहिलं: 'लेडल ओली होती. मेल्टर चौगुले यांनी ओत थांबवली. त्यांचं म्हणणं मी आधी ऐकलं नाही.' खाली सही केली आणि वही माझ्याकडं फिरवून दाखवली.

चार वाजता घरी आले तर धनाजी दारातच. लाल बघून काम टाकून आला होता.

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला.

"मी अजून काही बोललेच नाही."

"तरीपण."

मी त्याला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं, लेडल, बूट, पत्रा, वही. तो मान हलवत राहिला. मग मी म्हणाले, "तुझंही नाव काढतेय यादीतून."

"व्हय, काढ."

"हो म्हणू नको, धनाजी. तुला जे वाटतं ते म्हण."

त्यानं ओट्यावरचा तांदळाचा डबा पुढ्यात ओढला. मग म्हणाला, "नको काढू."

आठ महिन्यांतला पहिला नको. मी म्हणाले, "का?"

"का म्हणजे? मला भ्या वाटतंय म्हणून." त्याचा आवाज चढला. "ठिपका हिरवा असला की मी निवांत खांबावर चढतोय. लाल झाला की पाय थरथरतात माझे. तुला वाटतंय मी हो म्हणतोय ते फोन सांगतोय म्हणून? चार वर्षं तू ज्या डब्यात गोळ्या ठेवल्यास त्याच डब्यातला भात मी खात होतो. गिरिजाचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी घरी येऊन पोरीला विचारलंस, आज काय विशेष. पोरगी पुण्याला शिकायला गेली ती अजून त्यावर बोलत न्हाई. मी बोललो कधी? तुला त्रास नको, तू बरी होतीयस. आणि माझं काय? माझ्या कानामागं टिकली न्हाई म्हणून मला राग न्हाई व्हय?"

माझ्या कानामागं गुणगुण सुरू झाली. त्याचा फोन वाजला. त्यानं ओळ बघितली, फोन पालथा करून तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि परत माझ्याकडं वळला.

"आणि पोहे कोरडे नव्हते. चांगले मऊ झाले होते. दोन दाणे तरी खाऊन बघायचे, मग मारायचे भिंतीवर. आणि तुझ्या चहात साखर लई असते. आठ महिने घशाखाली ढकलतोय."

मला लाज वाटली, राग आला, रडू आलं. आणि त्या सगळ्याच्या खाली मला बरं वाटलं, आठ महिन्यांत जिलेबीनंही वाटलं नव्हतं एवढं. डॉक्टर ज्या कानांबद्दल बोलायच्या त्यातले दोन-चार तरी परत आले असावेत. माझ्यासमोर माझा नवरा बसला होता आणि तो खरं बोलत होता.

"पोह्यांचं चुकलं माझं," मी म्हणाले. "गिरिजाचं त्याहून जास्त चुकलं. तिला मी फोन करते, तुझ्यासमोर. पण नाव काढणार. लाल झालं की तुला मी सांगेन, तोंडानं."

"आणि न्हाई सांगितलंस तर?"

"तर भांड."

मी माझ्या फोनवर यादीतलं त्याचं नाव काढलं. तो बघत राहिला. त्याला ते पटलं नव्हतं, आणि तसं त्यानं मला दोनदा सांगितलं.

"संपलं तुझं?" मी विचारलं.

"न्हाई. अजून लई हाय."

"मग बस. चहा ठेवते. तुझं झालं की माझी पाळी."

मी पातेलं चढवलं, साखरेचा डबा उघडला. मागून आवाज आला, "साखर कमी घाल."

"नाही घालणार," मी म्हणाले, आणि धनाजी बाह्या सरसावत ओट्यापाशी आला.